जंगलातून शेतात आलेला माणूस

स्क्विम, वॉशिंग्टन राज्य

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार. वि. वि.

ज्यांच्या शेतावरच्या मागच्या घरात मी भाड्याने राहते ते आजोबा जुलैअखेर गेले, एवढेच मी फोनवर सांगितले होते. बाबा, तुम्ही दर वेळी त्यांची आणि त्यांच्या गवताची चौकशी करायचा, म्हणून आज त्यांच्याविषयी नीट लिहिते.

ते मूळचे शेतकरी नव्हते. इथून सुमारे 120 किलोमीटरवर, ऑलिंपिक पर्वताच्या पलीकडे फोर्क्स नावाचे गाव आहे. एके काळी ते स्वतःला जगाची लाकूडतोडीची राजधानी म्हणवून घेई. तिथे सतराव्या वर्षी ते जंगलाच्या कामावर लागले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे त्यांनी डग्लस फर, सिट्का स्प्रूस अशी प्रचंड झाडे पाडली. झाड कसे पाडतात हे त्यांनी मला एकदा कुंपणाजवळच्या वठलेल्या झाडावर दाखवले होते. आधी झाडाभोवती फिरून त्याचा कल आणि शेंड्याकडच्या अडकलेल्या मोडक्या फांद्या पाहायच्या, कारण त्याच माणसाच्या डोक्यात पडतात. मग ज्या बाजूला पाडायचे तिकडे खाच घ्यायची, मागून करवत चालवायची, पण मध्ये न कापलेल्या लाकडाची एक पट्टी राखायची आणि मागच्या फटीत पाचर ठोकायची. ती पट्टी झाडाला दिशा देते; ती कापली गेली की झाड कुठेही जाईल. हे सांगताना ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाचा आवाज एकदम तरुण व्हायचा. अमेरिकेत सर्वांत जास्त जीव घेणाऱ्या धंद्यांत लाकूडतोडीची गणना होते; त्यांचेही दोन सोबती जंगलातच गेले होते.

1990च्या जूनमध्ये ठिपकेदार घुबडाला सरकारने संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातले. हे घुबड जुन्या, घनदाट जंगलातच नांदते. पुढच्याच वर्षी सिअॅटलच्या न्यायालयाने राष्ट्रीय वनांतील त्याच्या अधिवासातले लाकूडविक्रीचे नवे व्यवहार थांबवले, 1994मध्ये संपूर्ण वायव्य भागासाठी नवी वनयोजना आली आणि तिथल्या सरकारी जंगलातली तोड पूर्वीच्या मानाने ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली. सगळा दोष घुबडाला देणे मात्र त्यांना मान्य नव्हते. गिरण्यांत यंत्रे आल्यामुळे आणि न चिरलेले ओंडके जहाजांनी जपानला जाऊ लागल्यामुळे हातचे काम आधीपासूनच आटत होते, हे ते स्वतःच सांगत. त्यांना खरे लागले ते असे, की ज्या जंगलाची खोड न खोड त्यांना ठाऊक होती त्याचा निर्णय होताना त्यांना कोणी विचारलेसुद्धा नाही.

त्यांच्याकडे येणारे तरुण पाहुणे नेहमी गृहीत धरत, की झाडे तोडल्याचा पश्चात्ताप होऊन ते शेतीकडे वळले. तसे काही नव्हते आणि ते तसे खोटे बोलतही नसत. काम गेले, वय पन्नाशीला टेकलेले, घर विकून आलेल्या पैशात पत्नीची शिल्लक घालून त्यांनी इथे पंधरा एकर घेतले, एवढीच ती हकिकत. मला त्यांचा हा सरळपणा फार मोलाचा वाटतो.

बाबा, ही जमीन तुम्हाला लगेच कळेल. फोर्क्सला वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पर्वताच्या आडोशाला असलेल्या स्क्विमला जेमतेम 400. महाबळेश्वर आणि आपला माण तालुका यांच्यात जो फरक, तोच. म्हणून डन्जनेस नदीचे पाणी 1895मध्ये पाटाने शेतात आणले गेले आणि त्याचा उत्सव इथले लोक अजून दर मे महिन्यात करतात. आजोबांना आधी पाण्याची पाळी म्हणजे काय हेही माहीत नव्हते. शेजाऱ्यांकडून ते दारे धरायला शिकले, लसूणघास आणि गवत करू लागले, नंतर इतरांचे पाहून थोडे लॅव्हेंडरही लावले. चेनसॉच्या कंपनाने त्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या आणि नसा कायमच्या बिघडल्या होत्या. थंडीत बोटे दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक पडत, शर्टाची बटणे लागत नसत. वाळत घातलेल्या गवताची ओल बोटांना कळत नसे, म्हणून ते मूठभर गवत पिळून गालाला लावून पाहत, आणि त्यांचा अंदाज मी कधी चुकलेला पाहिला नाही.

नदीतल्या सामन माशांसाठी उन्हाळ्याअखेर पाणी सोडण्याचा प्रश्न आला तेव्हा शेतकरी, सरकार आणि इथले मूळ रहिवासी स्क्लॅलम लोक एकत्र बसले. नदीच्या निम्म्याहून जास्त पाणी उचलायचे नाही असे शेतकऱ्यांनी मान्य केले, आणि मातीच्या पाटांतून पाणी मुरून जाऊ नये म्हणून ठिकठिकाणी नळ टाकले गेले. आजोबा त्या बैठकांना आवर्जून जात. या खेपेला आम्हाला आधी विचारले, असे ते मला अनेकदा समाधानाने म्हणाले होते. घुबड आणि मासा या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात शेजारी ठेवल्या, की लोकांना सोबत घेऊन केलेले संरक्षण का टिकते हे मला पुस्तकांपेक्षा जास्त स्पष्ट दिसते.

शेवटचे दोन महिने हृदय थकले होते. इस्पितळात राहायला त्यांनी नकार दिला आणि घरीच, दुसरी कापणी शेतात पडलेली असताना, पहाटे गेले. आई, आता जे लिहिते त्याने दचकू नकोस. मृतदेहाची माती करण्याला कायद्याने परवानगी देणारे वॉशिंग्टन हे अमेरिकेतले पहिले राज्य; कायदा 2019चा. देह लाकडाच्या ढलप्या, लसूणघास आणि पेंढा यांच्यात ठेवतात, हवा खेळती राखतात, आतली उष्णता 55 अंशांच्या वर जाते आणि काही आठवड्यांत माती होते. लाकूड आणि लसूणघास हे दोन्ही त्यात आहेत म्हणून त्यांनी स्वतःच हा मार्ग निवडून ठेवला होता. परवा त्यांच्या मुलीने पिकअप भरून ती माती आणली आणि आम्ही सर्वांनी मिळून पश्चिमेच्या वाराअडवणीतल्या फर झाडांच्या बुडाशी घातली. मी मनातल्या मनात तिलांजलीही दिली. तुम्हाला ते योग्य वाटेल अशी आशा आहे.

शेत विकायचे नाही असे मुलीने ठरवले आहे. पुढच्या हंगामासाठी तिने ते शेजाऱ्याला अर्धेलीने दिले असून, माझे घरही माझ्याकडेच राहील. बाबा, लसूणघासाच्या जुन्या वाफ्यात पुन्हा तेच पीक घ्यावे की मध्ये एखादे वर्ष धान्य घ्यावे, हे त्या शेजाऱ्याने तुम्हाला मुद्दाम विचारायला सांगितले आहे. तेवढे उत्तर लवकर कळवावे.

तुमची लेक