फोन गेटवर जमा, काम मात्र फोनवरच

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी डिझायनर आहे. आमच्याकडे गेटवरच मोबाइल जमा करून घेतात. चालू मागाशेजारी रील बघणं जिवावर बेतू शकतं, आणि डिझाइन दुसऱ्या पार्टीकडे जाईल ही मालकांची धास्तीही खोटी नाही. पण रात्री त्यांचाच फोन येतो, ‘पार्टीला सॅम्पलचा फोटो टाक.’ फोन माझा, रिचार्जही माझाच. मागावर नक्षी उठवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जकार्डला लागणारी फाइलसुद्धा मी स्वतःच्या लॅपटॉपवर बनवून पेनड्राइव्हने देतो.

रॅपिअर मागात दोन पट्ट्या (रॅपिअर) आडवा धागा ओढून नेतात. अशा एका मागावर तो धागा सारखा सुटत होता. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने लपवून नेलेल्या फोनवर त्याचं स्लो मोशन चित्रण केलं. मधोमध एका रॅपिअरकडून दुसऱ्याकडे धागा जाताना पकड किंचित उशिरा बसत होती. नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसलं नसतं. टायमिंग फिरवलं, माग सुरळीत झाला. पण दंडाच्या भीतीने तो गप्प राहिला, आणि युक्ती शेजारच्या मागापर्यंतसुद्धा पोचली नाही. बंदीने फोन आत यायचे थांबत नाहीत, सुचलेलं पसरायचं तेवढं थांबतं.

दिल्लीतही तेच. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक अशी एआय साधनं वापरायला मनाई केली. गोपनीय कागद जपायलाच हवेत. पण तीच साधनं प्रत्येकाच्या खिशात आहेत, त्याचं काय?

राज्याने स्टार्टअपसाठी २०१८ मध्ये धोरण आणलं. त्यात मागावरच युक्ती काढणारा आमचा जॉबर कुठे बसला?

एमआयडीसीकडून एक नमुना नियमावली काढा. दुरुस्तीच्या वेळी जॉबरला फोन वापरता यावा. कामासाठी वापरलेल्या फोनचा रिचार्ज आणि मोडतोड कारखान्याने सोसावी. नोकरी सोडली तर माझ्या लॅपटॉपवरच्या फाइली कोणाच्या, हे आधीच लिहून ठेवावं. हजेरीचं ॲप माझ्या फोनवर टाकायला लावलं, तर मालकाला त्यातून काय काय दिसणार, हेही लिहावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा ठेवली आहे, म्हणून ही काळजी.

जिल्हा उद्योग केंद्राला यावर बैठक घ्यायला सांगा. मात्र पाळी सुटल्यावर ठेवा, नाहीतर फक्त मालकच येतील.

आपला,
एक डिझायनर, सोलापूर