बाटिक घेताना आणि जपताना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

इंडोनेशियात योग्याकार्ताला आहेस तोवर बाटिक, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेलं कापड, जमवणार म्हणतेस, फार आनंद झाला. फक्त घाई करू नकोस. मालिओबोरो रस्त्यावर बाटिक म्हणून विकायला असतं त्यातलं बरंचसं छापील असतं, त्याला मेण लागलेलंच नसतं. कापड हातात आलं की आधी उलटं कर. मेण लावून रंगात बुडवलेलं कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, छापील कापडाची मागची बाजू फिकी असते. पातळ रेयॉनवर मात्र छपाईही आरपार उतरते, तेव्हा रेषा बघ. 'तुलिस' म्हणजे चांतिंग या तांब्याच्या तोटीने हाताने काढलेलं: ठिपके लहानमोठे, एक फूल दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. 'चाप' तांब्याच्या ठशाचं, त्यात ठरावीक अंतरावर सांधा सापडतो. चापही अस्सल बाटिकच आहे, जरूर घे, पण तुलिसचे पैसे देऊन नव्हे. मेणाच्या तड्यांच्या बारीक रेषांवर भुलू नकोस. त्या छपाईतही काढता येतात, आणि मध्य जावातल्या चांगल्या कामात तडे हा दोष समजतात.

परांग नक्षी एकेकाळी राजघराण्यासाठी राखीव होती. संग्रहात हवीच, पण तिथल्या लग्नाला नेसून जाऊ नकोस, अशुभ मानतात. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या पेकालोंगानला गेलीस तर ज्लाम्प्रांग नक्षी शोध. गुजरातहून तिकडे गेलेल्या पटोळ्यावरून ती नक्षी आली आहे.

कापड घेतलं त्याच दिवशी गाव, नक्षी, रंग नैसर्गिक की रासायनिक, किंमत आणि कारागिराची हरकत नसेल तर नाव, असं सगळं सुती पट्टीवर पेन्सिलने लिहून कोपऱ्यात दोन टाक्यांनी अडकव. बॉलपेनची शाई ओलाव्याने पसरते. हे मागाहून आठवत नाही, आणि माहितीवाचून कापड मुकं होतं.

धुण्यासाठी तिथे लेराक मिळतं, आपल्या रिठ्याच्याच कुळातलं. सातआठ फळं रात्रभर भिजव, कुस्करून गाळ, बादलीभर थंड पाण्यात मिसळ. साबणाच्या पावडरीतल्या क्षारांनी नैसर्गिक रंग उतरतो. पिळू नकोस, सावलीत वाळव. अत्तर कापडावर कधीही फवारू नकोस, डाग पडतो.

घडीच्या रेघेवर धागे तुटतात, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीवर आधी धुतलेलं मलमल आणि वर बाटिक गुंडाळ. जुन्या बाजारातलं कापड कपाटात ठेवण्याआधी पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेव, कसर मरते. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नकोस, नाहीतर हवेतली वाफ थंड कापडावर धरते आणि बुरशी येते.

आणि फार जुनं काही मिळालं तर आधी चौकशी कर. तिथल्या 2010 च्या कायद्यानुसार 50 वर्षांहून जुनी वस्तू वारसा ठरू शकते, मग परवान्याशिवाय देशाबाहेर आणता येत नाही. प्रत्येक पावती जपून ठेव.

तुझी आई