चहा पिऊन आलेली आजी आणि पेट स्कॅन

मा. संपादक, नमस्कार,

मी पांढरकवड्याकडचा, हॉस्पिटलात न्यूक्लियर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे. गावात कोणी विचारलं तर एक्स-रेवालाच सांगतो, कोण समजावत बसते बाप्पा. पण एक गोष्ट छापाच.

परवा एक आजी पहाटेच्या एसटीनं पेट स्कॅनला (पोटाचा नव्हे, PET, म्हणजे अंगात कॅन्सरची गाठ कुठं आहे ते दाखवणारा स्कॅन) आली, सहा तास उपाशी राहा असं फोनवर सांगितलं होतं, पण स्टँडवर जावयानं आग्रह करून गोड चहा न् दोन टोस चारले. बोटाला सुई टोचली तर शुगर २४०! २०० च्या वर गेली की बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढंच ढकलतात, कारण आमचं औषध म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेली एक प्रकारची साखरच, रक्तात आधीच साखर भरली असली की गाठीत ती नीट जातच नाही. आणि हे औषध साठवून ठेवता येत नाही, ११० मिनिटांत अर्धं होते, पुढच्या ११० मिनिटांत त्याचंही अर्धं, शिशाच्या डब्यात ठेवा की फ्रिजात. आजी म्हणे, "साखर कमीच घातली होती बावा." काय बोलणार!

दुसरं म्हणजे, त्या औषधाचे किरण काही तास अंगातून निघत असतात, म्हणून स्कॅन झाल्यावर लगेच नातवाला मांडीवर घेऊ नका, गरोदर सुनेपासूनही त्या दिवशी काही तास लांब बसा, पाणी भरपूर प्या. घाबरायचं कारण नाही, मी छातीला बॅज लावून रोज तिथंच असतो, किती रेडिएशन लागलं ते त्यातून मोजतात.

उपाशीपोटीची सूचना एसटी स्टँडवर मराठीत लावायला सांगा ना कोणाला.

एक टेक्नॉलॉजिस्ट, जि. यवतमाळ