वीज मोफत, पण केव्हा?

मा. संपादक,

२०२४च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली. परंतु परळीच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होणाऱ्या याच मराठवाड्यात हरभऱ्याला पाणी देण्यासाठी शेतकऱ्याला अनेकदा रात्री, साप-विंचवाच्या भीतीत रान गाठावे लागते. बिलमाफीवर मते मागता येतात, जळालेल्या रोहित्राविषयी मात्र प्रचारसभेत क्वचितच कोणी बोलते.

२०२१पासून सातबाऱ्यावरील पिकाची नोंद मोबाइलवरील ई-पीक पाहणीने होऊ लागली. ज्या वृद्धांकडे, एकट्या महिलांकडे स्मार्टफोन नाही, त्यांची नोंद दुसऱ्याच्या हाती गेली आणि हा मध्यस्थ बहुधा गावातील एखाद्या गटाचा कार्यकर्ता असतो. हे अवलंबित्व मला अधिक घातक वाटते. दिवसा वीजपुरवठ्याचे वेळापत्रक आणि तलाठ्यामार्फत कागदी नोंदीचा पर्याय, या दोन्ही गोष्टी प्रत्येक ग्रामपंचायतीत मिळाल्या पाहिजेत.

— एक शेतकरी, जि. बीड