वारंवारता सांभाळणे हे एकट्या नियंत्रण केंद्राचे काम नाही

संपादक महोदय,

सौरऊर्जा आणि बॅटरी साठवणुकीवरील आपला अग्रलेख वाचला. मेगावॉटचा हिशेब चोख आहे, पण ग्रिडच्या वारंवारतेचा (विजेचा प्रवाह सेकंदाला किती आवर्तने करतो त्याचा; आपल्याकडे 50, म्हणजे 50 हर्ट्झ) प्रश्न ‘नियंत्रण केंद्रे अधिक सक्षम करावीत’ एवढ्यावर निकाली काढला आहे. माझी हरकत तिथेच आहे.

मागणी उत्पादनापेक्षा वाढली की जनित्रांचा वेग मंदावतो आणि वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली सरकते. पहिल्या काही सेकंदांत नियंत्रण केंद्रातला माणूस काहीही करू शकत नाही. तेव्हा ग्रिड सावरतात ते जागोजागचे गव्हर्नर, म्हणजे जनित्राचा वेग पाहून त्याचे उत्पादन आपोआप कमी-जास्त करणारे नियंत्रक. 5 टक्के ड्रूप (वारंवारता 5 टक्के बदलली तर उत्पादन पूर्ण क्षमतेइतके बदलावे, असे प्रमाण) लावलेला गव्हर्नर वारंवारता 0.1 हर्ट्झने घसरताच, कोणालाही न विचारता, संचाचे उत्पादन त्याच्या क्षमतेच्या 4 टक्क्यांनी वाढवतो. तेव्हा विकेंद्रित नियंत्रण ही काही नवी टूम नव्हे. ग्रिड आजवर त्यावरच तगले आहे. नवे आहेत ते इन्व्हर्टर, म्हणजे सौर पॅनेल वा बॅटरीची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणारी उपकरणे. त्यांच्यात घसरणीला आवर घालणारे, फिरणारे जड रोटर नाहीत, म्हणून घसरण अधिक झपाट्याने होते. पण प्रतिसाद देण्यात बॅटरीचा इन्व्हर्टर वाफेच्या संचाला केव्हाच मागे टाकतो, तसा तो सेट केलेला असेल तर.

ड्रूपने घसरण थांबते, पण वारंवारता पुन्हा 50 वर येत नाही. ते काम आज बहुतेक ठिकाणी केंद्रातून जाणारे संकेत करतात. मग प्रत्येक यंत्रणेने आपल्याच मीटरकडे पाहून 50 गाठेपर्यंत उत्पादन बदलत राहिले तर? मेख इथेच आहे. दोन मीटरमध्ये किंचित फरक असला तरी एकाला वारंवारता कमी वाटते, दुसऱ्याला जास्त. एक चढवत राहतो, दुसरा उतरवत राहतो, आणि काही वेळाने एक संच पूर्ण भारावर तर दुसरा रिकामा! गंमत म्हणजे एवढे होऊनही वारंवारता ठीकच दिसते. यावर तोडगा आहे. प्रत्येक यंत्रणेने आपला दुरुस्तीचा आकडा (50 गाठण्यासाठी उत्पादन किती बदलायचे तो) फक्त शेजारच्या एकदोघांशी ताडून पाहायचा आणि त्यांच्या सरासरीकडे सरकायचे. शेजाऱ्यांची साखळी अखंड असली की भार क्षमतेच्या प्रमाणात वाटला जातो. सगळ्यांची माहिती एका जागी गोळा करावी लागत नाही. प्रयोगशाळेतल्या मायक्रोग्रिडवर, म्हणजे छोट्या वीजजाळ्यावर, हे करूनही झाले आहे.

अर्थात विकेंद्रित म्हणजे मोकाट नव्हे. जर्मनीत घरोघरच्या सौर इन्व्हर्टरना पूर्वी एकच नियम होता : उत्पादन मागणीपेक्षा जास्त होऊन वारंवारतेने 50.2 हर्ट्झ ओलांडले की तत्काळ बंद. पॅनेल थोडी होती तोवर ते खपले. पुढे लक्षात आले, की भर उन्हात हे सगळे एका क्षणी बंद झाले तर संपूर्ण खंडाने मिळून राखून ठेवलेले 3,000 मेगावॉटही तुटपुंजे ठरतील. 2012 मध्ये कायदा करून लाखो जुन्या संचांच्या सेटिंग बदलाव्या लागल्या. नव्या इन्व्हर्टरना 50.2 च्या वर दर हर्ट्झमागे 40 टक्के या उताराने उत्पादन कमी करायला सांगितले गेले.

ब्रिटनमध्ये 9 ऑगस्ट 2019 रोजी आकाशातली वीज कोसळल्यावर एक सागरी पवनप्रकल्प आणि एक गॅस प्रकल्प पाठोपाठ ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. त्यात अनेक छोटे स्थानिक स्रोत आपापल्या संरक्षक रिलेमुळे (बिघाडाची चाहूल लागताच जोडणी तोडणाऱ्या उपकरणांमुळे) तुटून पडले आणि तूट वाढली. वारंवारता 48.8 वर आली, दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले. ग्रिड तासाभरात सावरले. काही रेल्वेगाड्या मात्र वारंवारता 49 च्या खाली जाताच बंद पडल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येक तंत्रज्ञाने लॅपटॉप जोडेपर्यंत हलल्या नाहीत.

इन्व्हर्टर कोणत्या वारंवारतेला किती उत्पादन बदलेल आणि किती घसरणीपर्यंत तग धरेल, याची चाचणी जोडणी देण्यापूर्वीच सक्तीची हवी. बसवल्यानंतर लाखो घरांत फिरणे किती महागात पडते, ते जर्मनीला विचारावे. आणि पुढच्या वेळी बॅटरी प्रकल्पाची बातमी देताना मेगावॉटच्या जोडीला ती किती सेकंदांत प्रतिसाद देते हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विद्युत अभियंता