फिजिओ मॅडम, तुमचे आभार जाहीरच मानतो

मॅडम, नमस्कार.

माझं नाव लिहीत नाही, पण साखर कारखान्यात अकाउंट्सला असलेला, तुमच्या खुर्चीच्या कडेला एका बाजूवर टेकून बसणारा पेशंट म्हटलं की तुम्हाला कळेल. आभार व्हॉट्सअॅपवरही मानता आले असते, पण हे दुखणं असलेले बरेच जण लाजेकाजेस्तव गप्प सोसत बसतात, त्यांच्याही वाचनात यावं म्हणून उघड लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या फाईलवर एकच शब्द होता, प्रोस्टेटायटिस, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचं दुखणं. घरात सगळ्यांना माहीत काय, तर प्रोस्टेट म्हणजे साठीनंतरचं दुखणं, आणि मी तर अजून चाळिशीही गाठली नव्हती, मग डोक्यात कॅन्सर सोडून दुसरं काय येणार. अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत ठणका, लघवीला जळजळ, जाऊन आलो तरी अजून राहिलीय असं वाटायचं, आणि बायकोजवळ गेलो की दुसरा दिवस कामातून गेला समजायचं. आधीच्या एका दवाखान्यात अँटिबायोटिक बदलून बदलून दिली, युरिन कल्चर दरवेळी 'नो ग्रोथ', म्हणजे लघवीत जंतू नाहीत, आणि शेवटी ऐकवलं काय, तर तुमच्या मनाचं आहे. पुढे ज्या युरॉलॉजिस्ट सरांनी नीट तपासलं, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी बघून घाबरण्यासारखं काही नाही म्हणाले, लघवी मोकळी व्हायची टॅमसुलोसिन गोळी चालू केली आणि तुमच्याकडे धाडलं, त्यांचेही आभार. पण सरांच्या दाराबाहेर एवढी गर्दी, समजावून सांगितलंत ते तुम्हीच.

माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे तुम्ही पेनानं चार ओळी लिहिल्यात. 1995 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं याचे चार प्रकार पाडले: एक अचानक येणारं जंतूंचं इन्फेक्शन, दुसरं तेच पण पुन्हा पुन्हा उलटणारं, तिसरं ओटीपोटाखालचं जुनाट दुखणं ज्यात जंतू सापडतच नाहीत, आणि चौथं ज्याचा त्रासच होत नाही, दुसऱ्याच कशासाठी तपासताना कळतं. तिसऱ्याभोवती गोल केलात आणि म्हणालात, त्रास होणाऱ्यांपैकी दहातले नऊ यातच असतात, तुम्हीही यातच. जंतू नाही सापडले म्हणजे दुखणं खोटं असा अर्थ होत नाही, एवढं एक वाक्य मला कुणीतरी सांगायला हवं होतं हो.

मग तुम्ही मला डावी मूठ आवळायला लावलीत आणि सोडू नका म्हणून गप्पा मारत बसलात, हंगाम कधी सुरू होतो, किती तास बसता, बाईकवर किती जाता, पोट साफ होतं का. थोड्या वेळानं मनगटापासून वर सगळं दुखायला लागलं, तेव्हा म्हणालात, तुमच्या खालच्या स्नायूंचं दिवसभर हेच चाललंय, तुम्हाला पत्ता नाही एवढंच. तो प्लॅस्टिकचा कमरेचा सांगाडा नंतर दाखवलात, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो मुठीनंच.

एक मित्र केगल, म्हणजे लघवी रोखायचे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, कर म्हणून मागे लागला होता आणि मी सुरू करायच्या बेतात होतो, तुम्ही वेळीच अडवलंत. आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढेल, तुम्हाला सोडायला शिकायचंय. पोटावर हात ठेवून श्वास, मांड्यांचे स्ट्रेच, रात्री टबात कोमट पाण्यात बसणं, इसबगोल, दर तासाला खुर्चीवरून उठणं. सुरुवातीला मला हे फारच किरकोळ वाटलं, खरं सांगतो. आणि आतून बोट घालून स्नायू मोकळे करायचं ठरलं तेव्हा माझी काय अवस्था झाली होती, ते तुम्ही पाहिलंच आहे. तुम्ही मात्र आधी काय करणार ते सांगितलंत, नको म्हणालात तर थांबेन म्हणालात, आणि मग घराचे हप्ते किती राहिले ते विचारत बसलात. बायकोलाही आत बोलावून सांगितलंत की हे तुम्हाला लागणारं नाही, तेव्हा तिचा चेहरा किती उतरलेला होता आणि मग कसा खुलला ते मीच बघितलं.

तांबडा रस्सा बंद करायला सांगाल या धास्तीनं मी आधी विचारलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, तिखट, चहा, दारू, कशानं वाढतं ते तुमचं तुम्ही लिहून ठेवा, सगळ्यांना सगळं बाधत नाही. मला चहा बाधतो, रस्सा नाही. देव आहे.

त्रास किती आहे ते मोजायचा तेरा प्रश्नांचा तो फॉर्म, 0 ते 43 गुणांचा, जेवढे कमी तेवढं बरं, तो मी अजून अधूनमधून भरतो. शून्य आलेलं नाही. गळीत हंगामात बिलांच्या गडबडीत परत ठणकलं, पण तुम्ही आधीच बजावलं होतं की मधे मधे डोकं वर काढेल, म्हणून या वेळी रात्र जागून काढली नाही, टब काढला आणि श्वास सुरू केला. आता बाईकवर जाऊन येतो, सिनेमा अख्खा बसून बघतो, बाकीचं बायको सांगेल.

वाचणाऱ्यांसाठी मॅडमनी मला निक्षून सांगितलेलं इथं टाकतो: थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, लघवी तुंबणं असं असेल तर तो पहिला प्रकार असू शकतो, तिथं व्यायाम करत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं, अँटिबायोटिक तिथं लागतातच आणि डॉक्टरनं सांगितलेला कोर्स मधे सोडायचा नाही.

मॅडम, हंगाम संपला की फॉर्म घेऊन येतो. साखर आणत नाही, गावातल्या गुऱ्हाळावरची काकवी आणतो, तेवढी मात्र घ्या, फीमधून वजा करा म्हणणार नाही.