बंड्या इथेच राहील

टूसॉन, ॲरिझोना
२८ सप्टेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही दोघे डिसेंबरात इकडे याल तेव्हा बंड्याला तेवढे दिवस कुत्री सांभाळणाऱ्या एखाद्या ठिकाणी ठेवावे, असे तुम्ही रविवारी फोनवर सुचवलेत. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही, कारण फोनवर अशा गोष्टी अर्ध्या बोलल्या जातात आणि नंतर दोन्हीकडे उगाच रुखरुख राहते. आईला कुत्र्याची भीती वाटते, तिच्या पूजेचे आणि सोवळ्याचे काही नियम आहेत, आणि मार्चअखेर काम संपवून मी शिकागोला परतणारच असताना या भाड्याच्या घरात हे लोढणे कशाला, असे तुम्हाला वाटते. यातले काहीच मला गैर वाटत नाही. तरीही बंड्या इथेच राहील, आणि तो का राहील हे नीट लिहावे म्हणून हे पत्र.

सोलापूरच्या उन्हात जन्म काढलेल्या माणसांना वाळवंटाचे काय कौतुक, असे तुम्ही म्हणता ते आकड्यांपुरते खरे आहे. इथला जून आपल्या मे महिन्यासारखाच, चाळिशीच्या वर. मात्र आपल्या दुष्काळी सोलापुरात वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो त्याच्या निम्मासुद्धा इथे पडत नाही, सरासरी जेमतेम ११ इंच. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळण्याआधीच वाळतो आणि तहान लागण्याआधीच शरीरातले पाणी कमी झालेले असते. हे मला माझ्यापेक्षा बंड्यामुळे अधिक कळले. माणूस चप्पल घालतो, कुत्र्याचे तळवे उघडे असतात, आणि भर उन्हात इथला डांबरी रस्ता ६० अंशांच्या पुढे तापतो. म्हणून घराबाहेर पडण्याआधी मी हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून मनात सातपर्यंत मोजते. तेवढा वेळ हात टिकला नाही तर आम्ही आल्या पावली मागे फिरतो. शेजारच्या फीनिक्समध्ये तर तापमान १०० अंश फॅरनहाइटवर गेले की नगरपालिकेच्या डोंगरवाटांवर कुत्री नेण्यास बंदीच आहे, आणि मला ती योग्य वाटते.

त्यामुळे सारा उन्हाळा आमचा दिवस पहाटे पाचला सुरू झाला. आई, तुला संध्याकाळी साडेपाचला माझा फोन येतो आणि मी धापा का टाकत असते असे तू विचारतेस, त्याचे कारण हेच. ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे तुमच्या-माझ्यातले साडेबारा तासांचे अंतर बारा महिने तेच राहते. शिकागोसारखा वर्षातून दोनदा हिशेब बदलावा लागत नाही.

आम्ही फिरतो ते रिलिटो नदीच्या काठाने. नदी म्हणायची ती नकाशापुरती. वर्षातला बहुतेक काळ तिच्या पात्रात नुसती वाळू असते. काठावर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी बांधलेली लांबलचक वाट आहे. तिच्या कडेला मेस्कीटची झाडे आहेत, म्हणजे आपल्याकडे माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीची सख्खी भावंडे. फरक इतकाच की आपण तिला शिव्या देतो आणि इथले लोक तिच्या शेंगा दळून पीठ करतात. फड्या निवडुंग तर जागोजागी आहे. सवारो नावाचा उंच खांबासारखा निवडुंग मात्र फक्त या सोनोरन वाळवंटातला. त्याला बाजूची फांदी फुटायलाच साठ-सत्तर वर्षे लागू शकतात, तेव्हा बाबांच्या वयाचा सवारो अजून पोरसवदा दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

याच वाटेवर चोया नावाचा निवडुंग आहे, आणि बंड्याचे त्याच्याशी हाडवैर आहे. त्याचे काटेरी तुकडे जरा धक्का लागला की सुटून अंगाला चिकटतात. कुत्र्याच्या पायाला तुकडा लागला की ते तो तोंडाने ओढू पाहते आणि मग काटे जिभेत रुततात. त्यामुळे आधी तोंड दूर धरायचे, मग रुंद दातांचा कंगवा तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून एका झटक्यात तुकडा उडवायचा, आणि उरलेले काटे चिमट्याने एकेक काढायचे. काटे आत जाताना सहज जातात, निघताना कातडी ओढली जाते, आणि तेवढा वेळ बंड्या माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून थरथरत बसतो, पण एकदाही चावलेला नाही. आई, त्याचा स्वभाव तुला यावरून कळावा.

इथेही पावसाळा असतो, आणि त्याला मॉन्सूनच म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबाने तो १५ जून ते ३० सप्टेंबर. म्हणजे आणखी दोन दिवसांनी कागदोपत्री संपेल. दुपारी डोंगरावर ढग जमतात, आधी धुळीचे लोट येतात, आणि मग अर्ध्या तासात रस्त्यांचे ओढे होतात. अशा रात्री जमिनीखाली दडलेले तळहाताहून मोठे बेडूक अंगणात येतात. त्यांच्या कातडीवरच्या ग्रंथींतले विष कुत्र्याचा जीव घेऊ शकते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये रात्री मी त्याला बॅटरी आणि पट्ट्याशिवाय बाहेर सोडले नाही. तुम्ही याल तोवर हे बेडूक पुन्हा जमिनीखाली गेलेले असतील.

दुसरी काळजी व्हॅली फीव्हरची. हा इथल्या मातीतल्या बुरशीचा रोग आहे. धुळीतून ती श्वासावाटे फुप्फुसात जाते, आणि कुत्री माती हुंगत, उकरत असल्यामुळे त्यांना तो बराच होतो. ऑगस्टमध्ये बंड्या खोकू लागला तेव्हा मी त्याचे रक्त तपासून घेतले. त्यात काही निघाले नाही आणि खोकलाही थांबला. बाबा, तुम्ही नक्की विचाराल म्हणून सांगते, हा रोग कुत्र्याच्या खोकल्यातून माणसाला होत नाही. धूळ उडत असताना मात्र आपण सर्वांनीच दारे-खिडक्या लावून आत बसायचे.

आता मूळ मुद्दा. बंड्या नऊ वर्षांचा आहे. आधीच्या घराने त्याला सोडल्यावर तो मला निवाऱ्यातून मिळाला, आणि अजूनही मी बॅग भरायला काढली की तो तिच्यावर येऊन बसतो. सारा उन्हाळा त्याने माझ्यासाठी घरात कोंडून काढला. डिसेंबर ते फेब्रुवारी हा इथला खरा सुखाचा काळ, जेव्हा भर दुपारीसुद्धा सावली शोधत फिरावे लागत नाही. नेमका तोच काळ त्याने परक्या माणसांच्या पिंजऱ्यात काढावा हे मला पटत नाही. शिवाय, स्पष्टच लिहिते, या गावात माझी ओळख झाली ती त्याच्यामुळे. कार्यालयातली माणसे भली आहेत, पण शेजारच्या वृद्ध जोडप्यापासून वाटेवरच्या सायकलवाल्यांपर्यंत जे कोणी माझी चौकशी करतात ते आधी त्याला ओळखतात.

आईच्या सोयीसाठी मी असे ठरवले आहे. मागची खोली तुमची, आणि तिच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसले फाटक मी लावून घेतले आहे. देवही त्याच खोलीत राहतील. स्वयंपाकघरात त्याला आजही प्रवेश नाही, आणि तो उंबऱ्याशी बसून राहायला शिकला आहे. सवारो राष्ट्रीय उद्यानात आपण तिघेच जाऊ, कारण तिथल्या पायवाटांवर कुत्र्यांना जवळजवळ बंदी आहे. माउंट लेमनला मात्र तो आपल्याबरोबर गाडीत मागे बसेल. आई, पहिले काही दिवस तू त्याला हात लावायची मुळीच गरज नाही. त्याच्याकडे पाहिलेही नाहीस तरी चालेल. उलट त्याला ते अधिक आवडते.

तिकिटे काढताना फीनिक्सपर्यंतची काढा, तिथून मी गाडीने घेऊन येईन. टूसॉनसाठी पुन्हा विमान बदलण्याचा त्रास नको. आईच्या गुडघ्यासाठी चाकाची खुर्ची तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवा, आणि बाबांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. स्वेटर दोघांनीही आणा, इथल्या डिसेंबरातल्या रात्री सोलापूरपेक्षा पुष्कळ थंड असतात. तारीख नक्की झाली की कळवा, म्हणजे मला रजेचा अर्ज करता येईल.

तुमची,
सुलभा